सेक्टरातलं मैदान: जत्रेपासून महोत्सवापर्यंत

महोत्सव संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी नवी मुंबईतल्या आमच्या सेक्टरातल्या मैदानावर एक वेगळाच खेळ चालतो, भोकं शोधायचा. मंडपवाल्यांनी रातोरात खांब उपटून टेम्पोत भरलेले असतात, पण खांबांच्या जागी हातभर खोल भोकं तशीच राहतात. कुणात सुतळीचा गुंता, कुणात चहाचे कागदी कप, एखाद्यात वीतभर लांबीचा लोखंडी खिळा. क्रिकेटवाली पोरं आधी पिचपुरती जागा चाचपतात, पायाने माती लोटतात आणि त्यातल्याच एका भोकात मधला स्टंप रोवतात. आयतं मिळालंय तर घ्या. फेऱ्या मारायला येणारे आजोबा मात्र भोकांकडे बघत महोत्सव भरवणाऱ्या मंडळाच्या नावाने खडे फोडतात. त्या मंडळाच्या कार्यकारिणीत मी चार वर्षं होतो, त्यामुळे ते खडे थोडेफार माझ्याही वाट्याला येतात.

हे मैदान नेमकं कोणाचं, हा प्रश्न त्या चार वर्षांत मी बऱ्याच जणांना विचारला. फाटकावर महापालिकेची पाटी आहे. जमिनीच्या कागदांवर सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आहे. शेजारच्या गावातली माणसं म्हणतात, आमच्या आजोबांचं खाचर होतं. आणि वर्षातले निम्मे दिवस कुंपणावर ज्यांचे वाढदिवसाचे फलक झळकतात, त्यांच्या चेहऱ्यावरून तर वाटतं की सातबारा त्यांच्याच नावावर असावा. गंमत म्हणजे यातलं कुणीच पूर्ण चूक नाही. फलकवाले सोडून.

मुंबईत किंवा ठाण्यात जुनी मैदानं आपोआप उरली. कुठे किल्ल्याभोवतीची मोकळी जागा, कुठे तळ्याकाठची, कुठे देवळापुढची. शहर वाढत गेलं आणि ती मध्ये सापडली. नवी मुंबईचं तसं झालं नाही. १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा नव्या शहरासाठी ठरली. शहर आधी कागदावर उभं राहिलं. घरं, रस्ते, बाजार, शाळा हे तर नकाशावर काढलेच, पण मोकळी जागासुद्धा हाताने काढावी लागली. ‘सेक्टर’ या शब्दावर आपण विनोद करतो, पण त्यामागचा हिशेब साधा होता. पोराला शाळेत, बाईला बाजारात आणि म्हाताऱ्याला मैदानात जायला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये.

त्याआधी इथे मैदानं नव्हती का? होती, फक्त त्यांना कुणी मैदान म्हणत नव्हतं. हा भाग भातशेतीचा, खारजमिनींचा आणि मिठागरांचा. दिवाळीच्या आगेमागे भात कापून झालं की खाचरं मोकळी व्हायची ती थेट मृगाच्या पावसापर्यंत. ते सहा-सात महिने खाचरं म्हणजेच मैदान. गुरं तिथेच चरायची, लग्नाचा मांडव तिथेच पडायचा, पोरं तिथेच खेळायची आणि चैत्रात गावदेवीची जत्रा भरली की पाळणेवाले आणि खाजावाले तिथेच बसायचे. पाऊस पडला की मैदानाचं पुन्हा शेत. आरक्षण नाही, परवानगी नाही, मोसमच सगळं ठरवायचा. सभागृहं आणि क्रीडासंकुलं मोजणाऱ्यांच्या हिशेबात ही सहा महिन्यांची मैदानं कधी आलीच नाहीत, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

जमिनी संपादित झाल्या तेव्हा शेतं गेली आणि शेतांबरोबर ही मैदानंही गेली. गावाला उरलं ते गावठाण, चारी बाजूंनी आखलेलं. कुटुंबं वाढली तशी घरं त्या हद्दीतच एकमेकांना चिकटत आणि वर चढत गेली. मोबदल्यासाठीचा लढा सगळ्यांना माहीत आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई, दास्तान फाटा आणि नवघरच्या परिसरात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूखंड मिळाले, त्यावर इमारती झाल्या. जत्रेची मोकळी जागा मात्र कुठल्याच टक्केवारीत बसत नव्हती. म्हणून आजही गावची पालखी निघते ती सेक्टरातल्या रस्त्यावरून, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवतो तेव्हा पालखी धरलेला पोरगा त्याच्याकडे असा बघतो की बस.

आता कागदांकडे येऊ. नवी मुंबईतली बहुतेक जमीन सिडको विकत नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. आपण ज्याला मालकीचं घर म्हणतो, त्याच्या खालची जमीनही बहुतेक ठिकाणी साठ वर्षांच्या पट्ट्यावर असते. मैदानाची तऱ्हाही तशीच. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महापालिका सुरू झाली आणि सिडकोने उभारलेल्या सुविधा हळूहळू तिच्याकडे हस्तांतरित होऊ लागल्या. खारघर, कामोठे, कळंबोली हा दक्षिणेकडचा भाग तिच्यात नाही. तो २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेत आला. म्हणजे एकाच शहरासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यात दोन महापालिका आणि त्यांच्या डोक्यावर जमीन देणारी सिडको. जे मैदान हस्तांतरित झालं त्याची माती, दिवे आणि फाटक महापालिका बघते. जे झालं नाही, त्याचं गवत कापायचं कुणी यावरच दोन पावसाळे जातात.

तिसरा प्रकार शाळेच्या मैदानाचा. शाळेला भूखंड देताना त्याला लागून खेळाचं मैदान दिलं जातं आणि शाळेची वेळ संपल्यावर ते परिसरातल्या लोकांना खुलं ठेवायचं अशी अट अनेक ठिकाणी घातलेली असते. अट छान आहे. आमच्याजवळच्या एका शाळेच्या फाटकावर मी ती अट घेऊन गेलो होतो, छापील. सुरक्षारक्षक म्हणाला, “काका, आत परीक्षा चालू आहे.” मे महिन्याची पंधरा तारीख होती.

मैदानाला खरं संरक्षण मिळतं ते ‘आरक्षण’ या शब्दाने. आपल्याकडे हा शब्द निघाला की वाद सुरू होतो, पण इथला अर्थ वेगळा. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा तयार होतो आणि कोणता भूखंड कशासाठी राखायचा हे त्यात ठरतं. खेळाचं मैदान लिहिलं असेल तर तिथे इमारत उठत नाही. बदलायचं तर आधी तसा प्रस्ताव, मग जाहीर सूचना, मग हरकती-सूचना, मग सरकारची मंजुरी. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येणारी ती ‘जाहीर सूचना’ असते ना, जी आपण भजी गुंडाळायला वापरतो, तीच. तुमच्या मैदानाचं मैदानपण जाणार असेल तर ते बहुधा तिथेच छापून येतं आणि हरकत घ्यायला हातात फार दिवस नसतात.

नवी मुंबईत यात आणखी एक गाठ आहे. जमीन सिडकोच्या हातात आणि नागरी सुविधांची जबाबदारी महापालिकेची. सिडकोला भूखंडाच्या लिलावातून पैसा उभा करायचा असतो. महापालिकेला त्याच भूखंडावर शाळा, दवाखाना किंवा मैदान हवं असतं. २०२२ मध्ये महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा आला तेव्हा हीच ओढाताण उघड्यावर आली. घणसोलीचं प्रकरण तर याचा धडाच आहे. तिथे २००३ मध्ये सरकारी क्रीडासंकुलासाठी २० एकर जागा ठरली. संकुल काही उभं राहिलं नाही. २०१६ मध्ये त्यातला भाग घरबांधणीसाठी खासगी विकासकाकडे गेला आणि २०२१ मध्ये सरकारने ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात नानोरे इथे बांधायचं. म्हणजे घणसोलीच्या मुलीने कबड्डीच्या सरावाला शंभर किलोमीटरहून लांब जायचं! वास्तुविशारदांची संघटना न्यायालयात गेली, जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संकुल हलवण्याचा निर्णय रद्द केला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. जागा मोकळी पडून राहिली की तिच्यावर कुणाची तरी नजर जाते. म्हणून वापरात असलेलं मैदान, मग त्यावर महोत्सव का भरेना, बंद फाटकाच्या मैदानापेक्षा जास्त टिकतं असं माझं मत झालंय. फेऱ्यावाल्या आजोबांना ते पटत नाही.

त्यांचीही बाजू कायद्यात आहे. मैदान खेळासाठी राखलेलं असेल तर ते सभा, महोत्सव, प्रदर्शन यांना तात्पुरतं देता येतं, पण वर्षातले ठरावीक दिवसच. त्याच नगररचना कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे. दिवस मोजूनच द्यायचे, कारण नाहीतर नवरात्र संपता संपता दिवाळी बाजार, तो उठला की एखादा महोत्सव, मग कुणाची तरी ‘चषक’ स्पर्धा, असं करत पोरांना मैदान थेट पावसाळ्यातच मिळायचं. चिखलासकट.

कार्यक्रम करायचा तर काय काय लागतं ते फाईल हातात घेऊन फिरल्याशिवाय कळत नाही. महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज, भाडं आणि अनामत रक्कम. पोलीस ठाण्याची परवानगी. वाहतूक शाखेचं ना हरकत. अग्निशमन दलाचं ना हरकत. महावितरणचा तात्पुरता वीजजोड. मंच मोठा असेल तर त्याच्या मजबुतीचं अभियंत्याचं प्रमाणपत्र. नाटक किंवा वगनाट्य असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर केलेली हवी. होय, आजही. प्रत्येक टेबलावरचा माणूस आधी दुसऱ्या टेबलाचा कागद मागतो. एका कार्यालयात मला तीन दिवस सांगितलं गेलं की साहेब साइटवर आहेत. चौथ्या दिवशी कळलं की ती साइट म्हणजे आमचंच मैदान, आणि साहेब तिथे आमची वाट बघून परत गेले होते.

सगळ्यात जास्त भांडणं होतात आवाजावरून. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२पर्यंत सवलत देऊ शकतं आणि कोणते दिवस ते आधी जाहीर होतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. आता हे आकडे समजून घ्या. दोन माणसं समोरासमोर नेहमीच्या आवाजात बोलली तरी ६०च्या आसपास जातात. मग मंचावरचा निवेदक ‘जोरदार टाळ्या’ मागतो तेव्हा आपण कुठे असतो याचा विचारच नको. कागदावरची मर्यादा आणि मैदानावरचा सण यांच्यामध्ये उभा असतो तो बिचारा हवालदार, आणि पावणेदहा वाजता तो मंचामागे येऊन नुसता घड्याळाकडे बोट दाखवतो.

गर्दीचा हिशेब मात्र विनोदाचा नाही, आणि तो प्रत्येक आयोजकाने एकदा तरी स्वतः मांडावा. समजा मैदान १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे. म्हणजे ६००० चौरस मीटर. मंच, खुर्च्यांच्या वाटा, स्टॉल आणि रुग्णवाहिकेचा रस्ता काढला की माणसांना उरतं निम्मं, ३०००. एका चौरस मीटरवर दोन माणसं आरामात उभी राहतात. म्हणजे ६००० लोक. चार उभी राहिली तर अंगाला अंग लागतं. सहाच्या पुढे गेलं की माणूस आपल्या पायावर चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो आणि चेंगराचेंगरीची भीती तिथूनच सुरू होते. आता बाहेर पडण्याचं बघा. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण ८० माणसं जातात. फाटक चार मीटरचं असेल तर ६००० लोक बाहेर पडायला जवळपास १९ मिनिटं. आणि फाटकातच वडापावची गाडी उभी असेल तर? तासभर धरा. त्याच हिशेबाने लाखाची सभा म्हणजे नुसतं उभं राहायला १२ एकर हवेत. पुढच्या वेळी कुणी छोट्या मैदानावर ‘लाखोंचा जनसागर’ म्हणाला की एवढा भागाकार करून बघा.

खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी जे झालं ते गर्दीपेक्षा उन्हाचं होतं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता, अप्पासाहेब धर्माधिकारींना पुरस्कार द्यायचा होता आणि त्यांचे लाखो अनुयायी सकाळपासून उघड्यावर बसले होते. तापमान ३८ अंशांच्या आसपास. वाचताना हा आकडा फार वाटत नाही, विदर्भातला माणूस तर हसेल. पण खाडीकाठी हवेत दमटपणा असतो, घाम येतो आणि वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. तो वाळला नाही की शरीराची उष्णता आतच साठत जाते, त्यात बसायला सावली नाही आणि गर्दीतून उठून पाण्यापर्यंत जायला वाट नाही. त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. नंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत असं जाहीर केलं. मैदान किती मोठं आहे हे सगळे विचारतात. सावली किती चौरस मीटर आहे, हे परवानगीच्या कुठल्याही अर्जात मी अजून पाहिलेलं नाही.

छताखालचा पर्यायही शहरात आहे. वाशी स्थानकाजवळचं सिडकोचं प्रदर्शन केंद्र, जिथे घरांची, फर्निचरची, लग्नाच्या कपड्यांची प्रदर्शनं भरतात. बेलापूरला हस्तकलेचं अर्बन हाट आहे. नेरुळला २००८ साली उघडलेलं डी. वाय. पाटील स्टेडियम आहे, जिथे जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या कार्यक्रमासाठी देशभरातून लोक आले आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक उचलला. त्या रात्री नेरुळात रस्त्यावर नाचलेल्यांपैकी कितीतरी जण स्टेडियमच्या आत गेलेलेच नव्हते. पण तिकीट लागतं तिथे शेजारी भेटत नाही, हा फरक उरतोच. प्रदर्शन केंद्र मला सगळ्यात जास्त आठवतं ते मात्र २०२०चं. जिथे सोफासेटचे भाव विचारले होते तिथे हजारावर खाटांचं कोविड केंद्र उभं राहिलं. मोठी, सपाट, पाणी-वीज असलेली, गाड्या थेट दारापर्यंत जातील अशी जागा शहरात तयार होती म्हणून ते काही दिवसांत जमलं. मोकळ्या जागेचा हा उपयोग कुणी आराखड्यात लिहिलेला नव्हता.

नेरुळच्या रामलीला मैदानाची गोष्ट मला फार आवडते. नाव रामलीलेवरून पडलेलं, आणि त्याच मैदानावर आगरी-कोळी महोत्सव भरत आलाय. रामलीला म्हटलं की डोळ्यांपुढे धनुष्यबाण येतात, तिथे चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जातात, शेजारी चिंबोरी, वजरी आणि सुकटीचा घमघमाट, आणि मंचावर कोळीगीत सुरू झालं की मागच्या रांगेतल्या बायका खुर्चीतच खांदे उडवायला लागतात. या शहरात नावं सेक्टरची आणि आकड्यांची. मैदानाला मात्र लोकांनी तिथे काय घडतं त्यावरून नाव दिलं. आमच्या इमारतीतल्या काकू बचत गटाच्या स्टॉलवर घावणे विकतात. त्या म्हणतात, वीस वर्षं एका जिन्यावर राहून जितक्या शेजारणी ओळखीच्या झाल्या नाहीत तितक्या त्या दहा दिवसांत झाल्या. ज्यांच्या जमिनीवर शहर झालं आणि जे त्या शहरात राहायला आले, ते एरवी एकमेकांना फक्त घरमालक आणि भाडेकरू म्हणून भेटतात. मैदानावर ते गिऱ्हाईक आणि सुगरण म्हणून भेटतात. हा काही फार मोठा बदल नाही, पण भाकरीबरोबर चार शब्द होतात.

यंदा महोत्सव उठल्यावर मी फावडं घेऊन गेलो होतो. अनामत परत मिळायची तर भोकं बुजवून मैदान पूर्ववत करून द्यावं लागतं, आणि कंत्राटदाराने मुरुमाचा एक टेम्पो ओतून फोटो काढून काम संपवलं होतं. मुरूम नुसता टाकून चालत नाही. पाणी मारून दाबावा लागतो, नाहीतर पहिल्या पावसात बसतो आणि डबकं होतं. मी पाणी मारत होतो तेव्हा कुंपणाशी गावातल्या एक आजी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “तिकडे नको, इकडे टाक. तिकडे बांध होता, तिथं पानी ऱ्हात नाय. हितं सखल हाय.” मला ते मैदान चारी बाजूंनी सारखंच सपाट दिसत होतं. त्यांनी दाखवलं तिथे मी दोन घमेली जास्त टाकली. तेवढ्यात पोरं आली, आणि त्यांना स्टंपसाठी भोक हवं होतं.